चॅरिटी रनला दिलेले पैसे खरंच कॅन्सर संशोधनाला जातात का?

तुम्ही लिहिलंय की मुलाच्या शाळेतून टेरी फॉक्स रनसाठी, म्हणजे कॅनडात कॅन्सर संशोधनाला पैसे जमवायला पळतात त्यासाठी, दोन डॉलर मागितलेत, ऑफिसातही दर सहा महिन्यांनी कुणीतरी कशासाठी तरी पळत असतं, तर हे पैसे संशोधनापर्यंत पोचतात की टी-शर्ट-बॅनरमध्येच संपतात.

पोचतात. आणि हे मी ऐकीव सांगत नाहीये, काही वर्षं माझा पगारच असल्या देणग्यांच्या ग्रँटमधून निघत होता. मी टोरंटोत एका हॉस्पिटलच्या कॅन्सर लॅबमध्ये टेक्निशियन होते.

हा प्रश्न वाचून आमच्या भाऊजींची आठवण झाली, म्हणजे ताईच्या मिस्टरांची. नाशिकहून दोघं आमच्याकडे आले होते, सप्टेंबर होता, रविवारी आम्ही सगळे पार्कात रनला गेलो. भाऊजी दोन तास बाकावर बसून बघत होते आणि रात्री जेवताना म्हणाले, "अगं, आमच्याकडे गणपतीत पावत्या फाडतात, तुमच्याकडे पळून फाडतात, एवढाच फरक. पैसे शेवटी कार्यकर्त्यांच्या खिशात." मग मी माझ्या पगाराचं सांगितलं, तर म्हणाले, "बघ, म्हणजे पगारातच गेले ना! औषध कुठंय?"

मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो, कारण हा गैरसमज चांगल्या शिकलेल्या लोकांचा असतो. पगारात गेले म्हणजे संशोधनातच गेले. संशोधन माणसं करतात! ऑपरेशन थिएटरमधून ट्यूमरचा तुकडा यायचा, बोराच्या बीएवढा, गुलाबी मीडियात, म्हणजे पेशी जगवणाऱ्या द्रवात, बुडवलेला, डबीवर पेशंटचं नाव नाही, फक्त कोड. तो आला की घड्याळ बघायचं नाही, पेशी मरायच्या आत तो बारीक कापायचा, थोडा वाढवायला ठेवायचा, थोडा लिक्विड नायट्रोजनच्या टाकीत, थोडा डीएनएसाठी. मग शनिवार-रविवारसुद्धा कुणीतरी जाऊन बघायचं, मीडिया पिवळा पडला असेल तर बदलायचा, नाहीतर आठवड्यांची मेहनत वाया. हे कोण करणार? पीएचडीची पोरं, पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचे संशोधक, आणि आमच्यासारखे टेक्निशियन. बाकीचा पैसा सामानात जातो. एका अँटिबॉडीची, म्हणजे पेशीतलं ठरावीक प्रथिन ओळखणाऱ्या द्रव्याची ट्यूब, आत शंभर मायक्रोलिटर म्हणजे जेमतेम दोन थेंब, आणि किंमत कित्येकदा चारशे-पाचशे डॉलर. तुमच्या मुलाच्या अख्ख्या वर्गाचे दोन-दोन डॉलर जमवले तरी त्यातला एक थेंब येत नाही, पण देशभरातल्या शाळा जमवतात तेव्हा येतात.

पैसे वाटायची पद्धत अशी की टेरी फॉक्स फाउंडेशनकडे जमा झाले म्हणजे कुणी ओळखीच्या डॉक्टरला चेक फाडत नाही. वेगवेगळ्या लॅब्ज मिळून प्रस्ताव लिहितात, बाहेरचे तज्ज्ञ तो वाचून मार्क देतात, बरेचसे प्रस्ताव नापास होतात, जे पास होतात त्यांना काही वर्षांपुरते पैसे, मधे प्रगती दाखवावी लागते. २००७ पासून टेरी फॉक्स रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, त्यांचा प्रोफाइल नावाचा प्रकल्प बघा, लहान किंवा तरुण मुलांचा कॅन्सर उलटला किंवा उपचारांना दाद देईना की त्या ट्यूमरचे जीन वाचून कुठलं औषध लागू पडेल ते शोधतात. आणि लोकांचा पैसा आधी आला की सरकारही येतं, २०१९ च्या बजेटमध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने या इन्स्टिट्यूटच्या कॅन्सर सेंटर नेटवर्कला पाच वर्षांसाठी १५ कोटी डॉलरपर्यंत कबूल केले, अट अशी की तेवढेच बाकीच्यांनी उभे करायचे. ते उभे कशातून राहतात? असल्या रनमधूनही.

टेरीची गोष्ट तुम्हाला माहीत असणार, तुमचं मूल तर दरवर्षी शाळेत ऐकतं. पण त्यातला एक भाग लोक विसरतात. १९७७ मध्ये हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा पाय कापला तेव्हा डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की किमोमुळे वाचायची शक्यता ५० टक्के आहे, दोनच वर्षांपूर्वी ती १५ टक्के होती. म्हणजे तो पोरगा जिवंत होता तोच मधल्या संशोधनामुळे, आणि हे त्याला कळलं होतं, म्हणून १२ एप्रिल १९८० ला कॅनडाच्या पूर्व टोकाच्या सेंट जॉन्सहून देशभर पळायला निघाला तो संशोधनासाठीच पैसे मागत. एका पायावर १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर, थंडर बेजवळ कॅन्सर फुप्फुसात गेला म्हणून थांबला. कॅनडातल्या माणशी एक डॉलर हे त्याचं स्वप्न होतं, फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४० लाखांवर जमले होते. जून १९८१ मध्ये तो गेला, २२ वर्षांचा. हे सगळं भाऊजींना सांगितलं तर म्हणाले, "ते ठीक आहे गं, पण..." त्या "पण"च्या पुढे त्यांच्याकडे काहीही नव्हतं.

आता एक खरं सांगायला हवं, त्याला झालेल्या हाडाच्या कॅन्सरमध्ये पाय बहुतेकदा वाचतो हल्ली, पण जीव वाचण्याचं प्रमाण १९८० च्या दशकानंतर फारसं हललेलं नाही. याचा अर्थ पैसे वाया गेले असा काढू नका, तो आजार अवघड आहे आणि काम संपलेलं नाही. शिवाय सगळे रन सारखे नसतात. गुलाबी रिबनवाले बरेच कार्यक्रम नुसत्या जागृतीचे असतात, माझ्या मते त्यात आता काही राम नाही, स्तनाचा कॅन्सर असतो हे सगळ्यांना कळलंय. मुंबई मॅरेथॉनमध्ये धावणारा आपल्या पसंतीच्या संस्थेसाठी पैसे जमवतो, त्यातल्या कॅन्सरच्या संस्था बहुतेक पेशंटच्या उपचारांना मदत करतात. ते काम मोठंच आहे, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे, पण ते संशोधन नव्हे.

शंका असेल तर सीआरएच्या, म्हणजे कॅनडाच्या कर खात्याच्या साइटवर चॅरिटीचं नाव टाका, प्रत्येकीचा टी३०१० हा वार्षिक हिशेबाचा फॉर्म तिथे फुकट बघता येतो, कामावर किती, व्यवस्थापनावर किती, निधी जमवण्यावर किती, सगळं. भाऊजींना मी तेव्हाच लॅपटॉपवर उघडून दाखवत होते, त्यांनी चष्मा नाही म्हणून सांगितलं. तुम्ही मात्र बघा, पाच मिनिटं लागतात, आणि दोन डॉलर मुलाच्या हातात द्याच.