व्यवसायातल्या नेतृत्वाला अभिजात नाटकं काय शिकवतात?

सत्तेभोवतीची खरं बोलणारी माणसं कशी नाहीशी होतात, हे या नाटकांत जितकं स्पष्ट दिसतं तितकं व्यवस्थापनाच्या पुस्तकांत क्वचितच दिसतं.

शेक्सपिअरचा किंग लिअर राज्य वाटताना मुलींना विचारतो, माझ्यावर कोणाचं प्रेम सर्वांत जास्त? गोड बोलणाऱ्या दोघींना राज्य मिळतं. मोजकं आणि खरं बोलणारी कॉर्डेलिया बेदखल होते, तिची बाजू घेणारा केंट हद्दपार होतो. उत्तराधिकारी निवडताना अनेक संस्थाप्रमुख हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात. ग्रीक नाटककार सोफोक्लीजच्या 'अँटिगनी'त हेमन आपल्या बापाला, राजा क्रेऑनला, सांगतो की लोक तुमच्यासमोर भीतीने गप्प असतात आणि मागे कुजबुजतात. अँटिगनीला दिलेल्या मृत्युदंडाचा निर्णय क्रेऑन बदलतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. मुलगा आणि पत्नी दोघांनाही तो गमावतो.

मला मात्र सर्वांत मोलाचं वाटतं ते विशाखदत्ताचं संस्कृत नाटक 'मुद्राराक्षस'. नंद राजांचा राक्षस नावाचा निष्ठावंत अमात्य हरतो, तरी चाणक्य त्याला संपवत नाही. त्याची कुवत आणि निष्ठा ओळखून त्यालाच चंद्रगुप्ताचं मंत्रिपद घ्यायला लावतो. (त्यासाठीची हेरगिरी आणि खोटी पत्रं अर्थातच उचलायची नाहीत.) दुसरी कंपनी विकत घेतल्यावर तिथल्या जाणत्या माणसांना आधी घरी पाठवणाऱ्यांनी हे नाटक जरूर वाचावं.

सुरुवात 'किंग लिअर'च्या पहिल्या अंकापासून करा. सारांश नको, संवादच वाचा, शक्यतो मोठ्याने.