"अजून तयार नाही" म्हणजे नेमकं काय, ते आधी लेखी मागा

तुमचा भाऊ २६ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझम, नोकरीच्या प्रशिक्षणाचा तिसरा कोर्स संपत आलाय आणि प्रशिक्षण केंद्र म्हणतंय "उमेदवार अद्याप नोकरीसाठी तयार नाही, चौथा कोर्स सुचवत आहोत". तुमच्या पोस्टमधला हा शेरा जवळपास शब्दशः ओळखीचा आहे. आमच्याही घरातली वर्षं याच शेऱ्यात गेली. आम्हाला तो देणाऱ्या मूल्यांकन कार्यालयाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, कारण अशी कार्यालयं सगळीकडे आहेत.

प्रमाणपत्रं, बँक खातं, डॉक्टरांचे कागद हे तुमचं झालेलंच असणार, त्यात शिरत नाही. माझं मत थेट सांगते: चौथा कोर्स घेऊ नका.

"तयारी" ही अशी पायरी आहे की ती कुणालाच मोजून दाखवता येत नाही. मूल्यांकन कसं होतं बघा: अनोळखी खोली, समोर अनोळखी बाई, हातात स्टॉपवॉच, टेबलावर रंगीत खुंट्या. तिथे भाऊ थांबला की "सूचना पाळत नाही, एकाग्रता कमी". आता केंद्रात पाकिटं घड्या घालून भरायला शिकलेला मुलगा ऑफिसात गेला की कोरा का होतो? कारण टेबल बदललं, पाकिटाचा आकार बदलला, सांगणारा माणूस बदलला. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप जात नाही, आणि विकासात्मक अक्षमतेत ही अडचण जास्तच असते. म्हणून शिकवणं खऱ्या कामाच्या जागेवर झालं पाहिजे. आधी जागा, मग प्रशिक्षण.

हे काही नवीन नाही. १९७२ मध्ये मार्क गोल्ड या संशोधकांनी अमेरिकेतल्या संरक्षित कार्यशाळांतल्या (म्हणजे फक्त अपंगांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कामाच्या जागांतल्या) मुलांना, ज्यांच्याकडून कुणालाच अपेक्षा नव्हती अशांना, सायकलचा १५ भागांचा ब्रेक जोडायला शिकवल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नंतर त्याच मुलांनी २४ भागांचाही जोडला. युक्ती साधी होती: भाग क्रमाने खणांत मांडायचे, आणि एका गटासाठी भागाची जी बाजू जोडणाऱ्याच्या समोर यायला हवी ती लाल रंगवायची. आधी बुद्ध्यांक बघून "हा तयार आहे का" असं विचारत बसले असते तर एकही ब्रेक जोडला गेला नसता. तेव्हापासून इतकी वर्षं झाली आणि आपण अजून खुंट्यांवरच आहोत. असो.

तर केंद्राला एका कागदावर विचारा: कोणत्या कामासाठी तयार नाही? त्या कामाच्या कोणत्या पायरीवर अडतो? मूल्यांकन कुठे आणि किती वेळ केलं? नवीन कोर्समध्ये ती पायरी शिकवणार का? लेखी उत्तर मागितलं की बहुतेक ठिकाणी तिथेच घोडं पेंड खातं. (आपल्याशी फटकून वागतील याची तयारी ठेवा. त्यांची सही पुढे कुठे लागणार असेल तर सूर मऊ ठेवा, पण प्रश्न सोडू नका.)

दरम्यान घरी दोन आठवडे नुसतं बघा आणि लिहा. "कॉम्प्युटर आवडतो" असं लिहू नका, त्यातून काही हाती लागत नाही. "कुणी न सांगता कागद तारखेनुसार ४० मिनिटं लावतो, मध्ये फोन वाजला की उठतो, परत आणून बसवावं लागतं" असं लिहा. दिवसाच्या कोणत्या वेळी चांगला असतो, तोंडी सूचना लागू पडते की करून दाखवावं लागतं, गोंगाट चालतो का, चूक दाखवली तर काय करतो. यातून एका पानाची ओळख करा: वर करू शकतो ती कामं, मग कोणत्या परिस्थितीत करतो, मग कुठे मदत लागते. निदानाचं नाव सांगायचं की नाही हे भावानं ठरवायचं. पण "तोंडी तीन सूचना एकदम देऊ नका, लिहून द्या" हे सांगायला निदान लागत नाही.

जाहिराती बघून अर्ज करण्यात फार वेळ घालवू नका. जाहिरातीतल्या पदात दहा कामं एकत्र बांधलेली असतात आणि त्यातल्या दोनांपायी माणूस बाद होतो. त्याऐवजी मालकाला विचारा, "तुमच्याकडे कोणतं काम कायम मागे पडतं?" सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात १९९६ मध्ये सुरू झालेला प्रोजेक्ट सर्च, म्हणजे अपंग तरुणांना कामाच्या जागीच शिकवणारा कार्यक्रम, असाच सुचला: तातडीच्या विभागात सामान भरून ठेवण्याचं काम नीट होत नव्हतं, आणि नेमकं तेच काम करू शकणारी माणसं बाहेर घरी बसून होती. तिथे वर्गही रुग्णालयाच्या आतच भरतो.

मुलाखतीऐवजी कामाची ट्रायल मागा. "स्वतःबद्दल सांगा" या प्रश्नावर हुशार माणसंही अडखळतात. ट्रायलची शेवटची तारीख आणि मोबदला आधी लिहून घ्या, नाहीतर "अनुभव मिळतोय ना" म्हणत फुकट राबवून घेतात.

जागा मिळाली की कामाच्या पायऱ्या पाडा, आणि त्या स्वतः काम करून पाडा, खुर्चीत बसून नाही. प्रिंटरमध्ये कागद भरणं घ्या. ट्रे बाहेर ओढा. गठ्ठ्याचं वेष्टन पूर्ण काढा. कागद फडफडवून सुटे करा. कडा ठोकून सारख्या करा. ट्रेमध्ये ठेवा. वरच्या खुणेच्या खाली आहे ना बघा. कडेच्या पट्ट्या कागदाला टेकवा. आवाज येईपर्यंत ट्रे आत ढकला. आपण यातलं कडा सारख्या करणं आणि खूण बघणं नकळत करतो, म्हणून यादीत लिहायला विसरतो. मग कागद अडकतो आणि "याला जमत नाही" असा शिक्का बसतो. प्रत्येक पायरीपुढे रोज नोंद करा: स्वतः केली, खुणेनं केली, सांगून केली, की हात धरून.

जॉब कोच (कामाच्या जागी सोबत राहून काम शिकवणारा माणूस) असो की घरचा माणूस, त्यानं बाजूला, थोडं मागे उभं राहावं. सूचना देण्याआधी मनात दहा अंक मोजावेत. जमेल तिथे आधी खूण किंवा चित्र, बोलणं नंतर. बोलून दिलेली मदत काढून घेणं सगळ्यात जड जातं, कारण माणूस पायरीकडे न बघता आवाजाची वाट बघू लागतो. आणि साहेब भावाला सोडून कोचशीच बोलू लागले की समजा गाडी चुकतेय. कोच कमी कसा होणार याचा आराखडा पहिल्या दिवशीच हवा, त्याची जागा कोणता सहकारी घेणार त्या नावासह.

आता एक गोष्ट जिच्याकडे कुणी बघत नाही: मधली सुट्टी. कामात ठरलेला क्रम असतो, सुट्टीत नसतो. कुठे बसायचं, कुणाशी बोलायचं, परत कधी जायचं, स्वच्छतागृह कुठलं. काम उत्तम येत असूनही नोकऱ्या इथे जातात. सुट्टीच्याही पायऱ्या पाडा. तसंच साहेब बदलले, पाळी बदलली, नवीन सॉफ्टवेअर आलं की कोचला निदान काही दिवस परत बोलवायची सोय आधीच ठरवून ठेवा. प्रवासाचा सराव नोकरीच्या खऱ्या वेळेलाच करा, दुपारच्या रिकाम्या वाहनात करून उपयोग नाही.

पगार सुरू झाल्यावर अपंगत्व भत्ता कमी होतो का, किती, आणि नोकरी सुटली तर परत कसा सुरू होतो, हे संबंधित खात्याकडून लेखी घ्या. नियम जागोजागी वेगळे आहेत, मी वकील नाही, त्यामुळे इथल्या कुणाच्याही, माझ्याही, शब्दावर जाऊ नका.

कुणी "यांच्यासाठी संरक्षित कार्यशाळाच बरी" म्हणालं, तर २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचं कलम २७ दाखवा. खुल्या, सर्वसमावेशक नोकरीच्या बाजारात इतरांच्या बरोबरीनं काम करण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे आणि "आधी तयार व्हा" अशी अट त्यात नाही. भावाला स्वतःला कार्यशाळाच आवडत असेल तर गोष्ट वेगळी, पण मग हे त्याला विचारलंय का?

कुठे ट्रायल ठरली तर कामाचं स्वरूप, वेळ आणि घरच्या नोंदी इथे टाका, पायऱ्या कशा पाडायच्या ते बघू. कोर्सचं माहितीपत्रक टाकू नका, ती सगळी सारखीच असतात.