ठेवीच्या विम्याचा हप्ता कोणाच्या खिशातून?

शाहूपुरीतल्या सहकारी बँकेत माझी आठ लाखांची ठेव आहे. विम्याचा हप्ता माझ्या व्याजातून कापतात का?

नाही. ठेव विमा महामंडळाचा (बँक बुडाली तर ठेवीदाराचे पैसे देणारी संस्था) हप्ता बँकेनेच भरायचा असतो, ठेवीदाराकडून वसूल करता येत नाही. (व्याजदर ठरवताना बँक तो खर्च धरतेच, ते वेगळं.) 2020 च्या एप्रिलपासून शंभर रुपयांमागे वर्षाला 12 पैसे असा सरसकट दर होता, त्याआधी 10 पैसे. म्हणजे 100 कोटींच्या ठेवींवर 12 लाख. त्या दराने तुमच्या पूर्ण आठ लाखांवर वर्षाला 960 रुपये भरले जात, पण संरक्षण व्याज धरून पाच लाखांनाच. वरच्या रकमेचं काय, ते अवसायकाच्या (बुडालेली बँक गुंडाळायला नेमलेला अधिकारी) वसुलीवर.

इचलकरंजीतल्या एका नागरी बँकेचा मी संचालक. आमचा कारभार चोख. मग बुडव्यांइतकाच दर आम्हाला का?

तुमची तक्रार रास्त आहे. 1962 पासून दर सगळ्यांना एकच होता. दावे मात्र बहुतेक सहकारी बँकांचेच आले आणि हप्त्याचा मोठा वाटा व्यापारी बँकांनी भरला, हेही तुमच्या सभेत सांगा. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2025 मध्ये जोखमीनुसार दर लावण्याची घोषणा केली, एप्रिल 2026 पासून. भक्कम बँकांचा हप्ता त्यामुळे कमी होईल. तो नफा संचालकांच्या सहलीत जाऊ नये, एवढंच!

गंगावेशीतल्या पतसंस्थेत बँकेपेक्षा जास्त व्याज मिळतं. तिथेही पाच लाखांचा विमा असतोच ना?

अजिबात नाही. हे संरक्षण फक्त बँकांना. पतसंस्था कितीही जुनी असो, चेअरमन कितीही ओळखीचे असोत. आपल्याकडे ‘बँक’ आणि ‘पतसंस्था’ सर्रास एकाच दमात म्हणतात, आणि घोळ तिथेच होतो. संस्थेने महामंडळाला हप्ताच भरलेला नसतो, मग दावा कशाचा? काउंटरवर कुणी ‘ठेवी विमा संरक्षित’ म्हणालं, तर कोणाचा विमा, ते लेखी मागा. जादा व्याज हे तुम्ही घेतलेल्या जोखमीचं मोल आहे. ठेवायचेच असतील, तर लेखापरीक्षणाचा वर्ग आणि थकबाकी आधी विचारा. सांगायला टाळाटाळ झाली, तर पैसे परत खिशात घाला.

एकाच बँकेच्या दोन शाखांत पाच-पाच लाख ठेवले तर?

दोन्ही मिळून पाचच लाख. दुसरी बँक निवडा.