फिलिबस्टर म्हणजे नकाराधिकार? मुळीच नाही

प्रश्न असा: अमेरिकन सिनेटच्या (तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या) बातम्यांतल्या 'फिलिबस्टर'ला मराठीत 'नकाराधिकार' म्हणावं का?

म्हणू नये. नकाराधिकार राष्ट्राध्यक्षाचा, आणि तोही विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाल्यावर. फिलिबस्टर म्हणजे चर्चा लांबवून केलेली अडवणूक; ती विधेयकाला मतदानापर्यंत पोचूच देत नाही. 'बहुमत असूनही सिनेटने विधेयक फेटाळले' असं वृत्तनिवेदक म्हणतो तेव्हा माझ्या कपाळावर आठी पडते. अहो, फेटाळायला आधी विधेयकावर मत पडावं लागतं! 100 पैकी 53 जण बाजूने असले तरी चर्चा थांबवायला 60 लागतात. ते जमले नाहीत की विधेयक उंबऱ्यावरच बसून राहतं.

तासन्‌तास भाषण हा अर्थ सर्वांना ठाऊक आहे (1957 मध्ये नागरी हक्क विधेयकाविरुद्ध स्ट्रॉम थर्मंड 24 तास 18 मिनिटं बोलले), म्हणून तो सोडतो. खरी गंमत शब्दाच्या कुळात आहे. डच भाषेत 'मोकळा' आणि 'लूट' या दोन शब्दांच्या जोडणीतून समुद्री लुटारूचं एक नाव तयार झालं. इंग्रजीत ते एका वाटेने येऊन 'फ्रीबूटर' झालं आणि स्पॅनिशच्या वाटेने येऊन 'फिलिबस्टर'. (इंग्रजी 'बूटी' आणि आपली 'लूट' यांचं यमक जुळतं म्हणून नातं लावू नका. इंग्रजीतला 'लूट' मात्र आपल्याकडूनच गेला.) काही पंडित 'फ्लायबोट' नावाच्या होडीकडे बोट दाखवतात. लुटारू होडीतून उतरला म्हणून तो होडीच्या पोटचा ठरत नाही, एवढंच म्हणतो.

1850 च्या दशकात अमेरिकेत फिलिबस्टर म्हणजे परक्या मुलखात खासगी फौज घेऊन घुसणारा. विल्यम वॉकर असा घुसून 1856 मध्ये निकाराग्वाचा अध्यक्षच होऊन बसला. 1860 मध्ये होंडुरासात त्याला गोळ्या घातल्या. सिनेट अडवणाऱ्यांनाही पुढे हेच नाव चिकटलं. तिकडे फिलिपिन्समधले स्पॅनिश अधिकारी बंडखोराला हाच शब्द लावत. लुटारूही तोच, बंडखोरही तोच! आपल्याकडे या दोन्ही अर्थांचा एक शब्द तयार आहे: पुंड. 'पुंडपाळेगार' आठवा. म्हणून माझा शब्द 'पुंडाई'. कुणी 'चर्चेचं गुऱ्हाळ' सुचवतं. पण गुऱ्हाळातून निदान गूळ तरी निघतो.

शिवाय हल्ली बोलावंही लागत नाही. एक विधेयक अडलं तरी दुसरं पुढे न्यायची सोय सिनेटने 1970 च्या सुमाराला केली, आणि अडवणाऱ्याच्या घशाला विश्रांती मिळाली. नुसती धमकी पुरते. हा चौथाईचाच हिशेब झाला: स्वार यायच्या आधीच वसूल द्यायचा. फक्त इथे दर जबर. 1917 मध्ये चर्चा थांबवायला दोन तृतीयांश मतं लागत, 1975 पासून तीन पंचमांश. 60 चा आकडा एका पक्षाकडे क्वचितच असतो. डेमोक्रॅटांच्या गटाकडे 2009 च्या डिसेंबरात तो होता, म्हणून आरोग्यविम्याचं विधेयक 60-39 ने निघालं. महिनाभरात मॅसॅच्युसेट्सची पोटनिवडणूक हरले आणि 59 वर आले.

मग चोरवाटा निघतात. अर्थसंकल्पी 'रिकन्सिलिएशन'ला (अर्थसंकल्पाशी जोडलेल्या विधेयकांच्या खास प्रक्रियेला) साधं बहुमत चालतं, म्हणून 2021 चं कोविड मदत विधेयक 50-49 ने पार झालं. पण त्या वाटेवर फक्त पैशाचं सामान नेता येतं. तासाला 15 डॉलर किमान वेतनाची तरतूद सिनेटच्या नियमतज्ज्ञाने नाक्यावरच अडवली. न्यायाधीशांच्या नेमणुकांपुरता पुंडांचा बंदोबस्त बहुमतवाल्यांनी स्वतःच केला, 60 ऐवजी साधं बहुमत पुरेसं ठरवून: 2013 मध्ये डेमोक्रॅटांनी खालच्या न्यायालयांसाठी, 2017 मध्ये रिपब्लिकनांनी सर्वोच्च न्यायालयासाठी.

हां, प्रश्न राहिलाच. बातमीत 'फिलिबस्टर'च लिहा, फार तर 'अडवणूक'. मी मात्र 'पुंडाई'च म्हणणार.