टी पेशी ‘थकल्या’ म्हणण्याआधी

टिकून राहणाऱ्या संसर्गात टी पेशी (विषाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) थकतात, म्हणजे त्यांचं काम मंदावतं, हा प्रयोगासाठी विषय छान निवडलात. आधी एवढंच जमवा: संसर्ग खरंच टिकलाय हे दाखवणं. उंदरांत एलसीएमव्ही या विषाणूचा आर्मस्ट्राँग प्रकार साधारण ८ दिवसांत साफ होतो. त्याचाच क्लोन १३ हा प्रकार शिरेतून २० लाख पीएफयू (संसर्गक्षम विषाणू मोजण्याचं एकक) दिला की रक्तात दोन-तीन महिने राहतो. टोचताना शेपटीवर पांढरा फुगवटा आला, तर द्रव कातडीखाली गेला, डोस कमी पडला. तो उंदीर तिथल्या तिथे वहीत नोंदवा.

पेशींवर पीडी-१ (टी पेशींना आवर घालणारं प्रथिन) दिसलं की पेशी थकल्या, असं लिहून मोकळे होऊ नका. ८व्या दिवशी नुकत्याच चेतलेल्या पेशींवरही ते असतंच! ३०व्या दिवशी पुन्हा पाहा, सोबत टॉक्स (पेशींच्या थकव्याशी जोडलेलं प्रथिन) आणि इंटरफेरॉन-गॅमा (कामात असलेल्या टी पेशी सोडतात ते प्रथिन) मोजा.

विषाणूचा साठा छोट्या नळ्यांत वाटून गोठवा. वितळवून पुन्हा गोठवला की टायटर (संसर्गक्षम विषाणूंचं प्रमाण) घसरतो. सिंगल-सेल (एकेका पेशीची वेगळी तपासणी) वगैरे नंतर.