१२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येचे विभाजक किती, ते परीक्षेत पटकन कसे काढायचे? ही वैदिक गणितातली संख्या आहे ना?

४५ विभाजक.

ही संख्या म्हणजे नऊ एकांचा, म्हणजे १११११११११ चा, वर्ग. नऊ एकांचे तीन-तीनचे गट पाडा: १११ × १००१००१. पैकी १११ = ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून ३ ने भागा, ३३३६६७ येतात. वर्ग केल्यावर ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. घातांकांत एकेक मिळवून गुणाकार: ५ × ३ × ३. ३३३६६७ ही मूळ संख्या आहे हे परीक्षेत कसं तपासायचं ते विचारू नका, पाठ करा.

'वैदिक' वाचलं आणि डोकं फिरलं. आमचे एक मावसभाऊ क्लास चालवतात. भाचीच्या साखरपुड्याला जेवणं झाल्यावर पोरांना गोळा करून त्यांचा प्रयोग सुरू: ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, "कितीही एक घ्या, डोंगर चढतच जातो. ऋषीमुनींना हे ठाऊक होतं!" मी म्हटलं, दादा, दहा एक घेऊन बघ. "तुझं नेहमीचंच," म्हणाले. मग मीच पाकिटामागे उभा गुणाकार मांडला. मधल्या रकान्यात दहा, शून्य लिहून हातचा एक; शेजारच्या ९ चे झाले दहा, पुन्हा हातचा; त्यापुढच्या ८ चे ९. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गायब, डोंगराच्या माथ्यावर दोन शून्यं. तर दादा म्हणतात, "एवढ्याशा हातच्याने काय होतंय!" आणि मावशीने मलाच झापलं, पोरांसमोर मोठ्या भावाचा पाणउतारा करतोस म्हणून.

ऋषीमुनी राहू देत. असल्या संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव दिलं देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या डेम्लो स्टेशनवर कल्पना सुचली, म्हणून ते नाव. ६१७४ चा स्थिरांकही त्यांचाच: चार अंकी संख्येचे अंक (सगळे सारखे नसलेले) उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिलं, की शेवटी ६१७४ वरच येऊन थांबतो. त्यांच्या कामाला पोरखेळ म्हणणारे आपल्याकडे कमी नव्हते. १९७५ मध्ये गणिताच्या गमतीजमतींवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं तेव्हा जगाने दखल घेतली. मी त्यांचं नाव काढलं तर दादांना ते माहीतच नव्हते. गणिताचा क्लास चालवतात!

तेव्हा क्लासमध्ये कुणी 'वैदिक' म्हणालं, की कुठल्या ग्रंथात, कितव्या श्लोकात, ते हात वर करून विचारा. आणि लगेच दहा एकांचा वर्ग फळ्यावर करायला लावा. फी तुम्ही भरलीय.

एक मात्र मान्य करायला हवं. डोंगर मोडतो तो आपण दहाच्या पायावर, म्हणजे ० ते ९ या दहाच अंकांनी, लिहितो म्हणून. संगणकवाले वापरतात त्या सोळाच्या पायावर तो पंधरा एकांपर्यंत शाबूत राहतो. सोळावा एक घेतला की तिथेही हातचा येतोच, त्यामुळे दादांचं 'कितीही' तिथेही चूकच.