बस कुठवर आली हे मोबाईलवर दिसायला लागलं, तर लोक स्वतःची गाडी सोडून बसने जायला लागतात का?

स्वतःची गाडी सोडून येणारे फार थोडे. बसने आधीच जाणाऱ्यांचा प्रवास मात्र खूप सुसह्य होतो, आणि माझ्या दृष्टीने तेच जास्त मोलाचं आहे. बस थांब्यावर कधी पोहोचेल याचा अंदाज बांधणाऱ्या प्रणालीवर मी काही वर्षं काम केलंय. त्यामुळे जरा सविस्तर लिहावंसं वाटतं.

न्यूयॉर्कमध्ये बस कुठवर आली हे दाखवणारी ‘बस टाइम’ ही सेवा 2011 ते 2014 या काळात एकेका भागात सुरू होत गेली. त्यामुळे सेवा पोहोचलेले मार्ग आणि न पोहोचलेले मार्ग यांची तुलना करता आली. कामाच्या दिवशी दर मार्गामागे सरासरी 118 प्रवास वाढले, म्हणजे सुमारे 1.7 टक्के. सर्वात जास्त बससेवा असलेल्या मार्गांवर ही वाढ 2.3 टक्क्यांपर्यंत गेली. शिकागोतही किरकोळच वाढ दिसली. अमेरिकेतल्याच टँपा शहरात काही प्रवाशांना ॲप दिलं आणि काहींना दिलं नाही. प्रवासांच्या संख्येत दोन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही, पण ॲप असलेल्यांचं थांब्यावरचं ताटकळणं जवळपास दोन मिनिटांनी कमी झालं.

सिएटलचा 2011 मधला अभ्यास मला सर्वात बोलका वाटतो. संशोधकांनी थांब्यावर लोक प्रत्यक्षात किती वेळ उभे होते ते मोजलं आणि ‘किती वेळ वाटला’ हेही विचारलं. माहिती नसलेल्यांना वाट पाहणं होतं त्यापेक्षा लांब वाटलं. ज्यांना मोबाईलवर बस दिसत होती त्यांचा अंदाज प्रत्यक्षाशी जुळला. आपण साधारण किती थांबतो, याचं पहिल्या गटाचं उत्तर 9.9 मिनिटं होतं आणि दुसऱ्याचं 7.5.

बस तीच, रस्ताही तोच. कमी होते ती धाकधूक. बारा मिनिटं आहेत हे कळलं की माणूस घरातून उशिरा निघतो, दुसऱ्या मार्गाची बस पकडतो किंवा घरी फोन करून उशीर होईल असं सांगतो. रात्री सामसूम थांब्यावर एकट्या बाईला उभं राहावं लागत नाही, ही गोष्ट कुठल्याही टक्केवारीत पुरेशी दिसत नाही.

दर चार-पाच मिनिटांनी बस असेल तर कोणी मोबाईल बघत बसत नाही. अर्ध्या तासाने एक असेल तिथे ही माहिती सोन्यासारखी असते, आणि ती चुकली तर फटकाही तिथेच सर्वात मोठा बसतो.

चुकते कशी? गाडीवरचं जीपीएस यंत्र दर काही सेकंदांनी ठिकाण कळवतं, त्यावरून पुढच्या थांब्यांच्या वेळा काढल्या जातात. बस दोन थांबे मागे असेल तर अंदाज चांगला येतो, जितकी लांब तितका तो ढिला. खरी अडचण सुरुवातीच्या थांब्यावर असते. गाडी उभी आहे, चालक कधी निघेल हे यंत्राला माहीत नाही, मग छापील वेळापत्रकातली वेळच दाखवली जाते. आणि फेरी रद्द झाली पण कोणी तशी नोंदच केली नाही, तर नसलेली बस पडद्यावर धावत राहते. मी स्वतः एका रात्री शेवटच्या बसची वाट पाहत होतो. तीन मिनिटं, दोन, एक, आणि बस पडद्यावरून नाहीशी. ती आगारातून निघालीच नव्हती. त्या रात्री चालत घरी जाताना मला पहिल्यांदा नीट कळलं की आपण लोकांना नुसती वेळ दाखवत नाही, शब्द देतो. असा दोन-तीनदा शब्द मोडला की माणूस ॲपवरचाच नव्हे, बसवरचाही भरवसा सोडतो.

माहितीने सेवा सुधारत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. दर दहा मिनिटांनी नीट अंतर राखून बस येत असेल तर सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. त्याच बस जोडीने येऊ लागल्या, म्हणजे वीस मिनिटांनी दोन, तर दहा मिनिटं. ॲप ती जोडी दाखवतं, सोडवत नाही. मात्र तीच माहिती नियंत्रण कक्षात वापरून मागची गाडी थोडा वेळ रोखली, तर अंतर पुन्हा सावरता येतं.

तुमच्या शहरात अशी यंत्रणा येणार असेल आणि पैसे मोजकेच असतील, तर चकचकीत नकाशाआधी रद्द फेऱ्यांच्या नोंदीवर खर्च करा, असं मी आग्रहाने सांगेन. बस कंपन्या ज्या जीटीएफएस रिअलटाइम स्वरूपात ही माहिती देतात, त्यात फेरी रद्द झाल्याचं कळवायची सोय आहेच. ती नोंद त्या क्षणी करणारा माणूस आगारात बसवावा लागतो. त्यानंतर थांब्यांवर फलक आणि बोलून सांगणारी सोय, कारण स्मार्टफोन नसलेले आणि दृष्टिहीन प्रवासीच बहुतेकदा बसवर सर्वात जास्त अवलंबून असतात.